पावसाचं पाणी प्यायला लोक केव्हा तयार होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्ती साधारण १२० माणसांची. बोअरला बाराही महिने पाणी असतं, पण तपासणीत त्यात फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅम निघालं, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या दुप्पट. विहीर कोरड्या महिन्यांत तळ गाठते. सार्वजनिक इमारतीच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून ते वर्षभर पिण्यासाठी वापरावं, असं तुम्ही सुचवलंत. बैठका झाल्या, पत्रकं वाटली, चित्रफीत दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोअरवरच रांग लागली. तर प्रसार करायचा कसा?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पत्रकं थोडे दिवस बाजूला ठेवा. एक छप्पर, त्याच्या पन्हळी आणि दोन टाक्या एवढंच काम हातात घ्या, आणि ते इतकं नेटकं करा की पाऊस थांबून चार महिने झाल्यावर दुसऱ्या टाकीचं झाकण उघडलं, तर समोर उभा असलेला माणूस ते पाणी न विचारता पिईल. या कामात मी बरीच वर्षं आहे. लोकांचं मन वळताना मी पाहिलंय ते अशाच क्षणी. भाषण ऐकून मन वळलेलं एकही गाव मला आठवत नाही.

पाणी साठवा हे लोकांना कुणी सांगावं लागत नाही. पागोळ्यांखाली भांडं लावायची अक्कल प्रत्येक घरात असते. अडतं ते पिण्यापाशी. म्हणून मी नेहमी आधी घरात पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलतो, तेही बैठकीत नाही, पाण्याच्या जागेवर. त्यांच्या शंका जवळपास सगळीकडे सारख्याच असतात. किती दिवस पुरणार? साठलेल्या पाण्यात किडे होणार नाहीत कशावरून? आणि पहिल्या वर्षी सगळे येतील, दुसऱ्या वर्षी कोण बघणार? या शंकांना अडाणीपणा समजू नका. तिन्ही शंका रास्त आहेत, आणि तुमच्या कामाचा आराखडा त्यांतूनच निघतो. ज्या योजना बंद पडलेल्या मी पाहिल्या, त्या यांपैकी कुठल्यातरी एका शंकेचं उत्तर न दिल्यामुळेच पडल्या.

पहिली शंका हिशेबाची आहे, तेव्हा हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एवढं सोपं गणित आहे की शाळेतल्या मुलाकडून फळ्यावर करून घ्या, बैठकीत ते तुमच्यापेक्षा जास्त पटेल. पत्र्यावर पडलेलं सगळं काही हाती लागत नाही. थोडं उडतं, थोडं उन्हात जिरतं, थोडं पहिल्या धुण्यात सोडून द्यावं लागतं. पत्र्याला मी ०.८ धरतो, म्हणजे शंभरातले ऐंशी लिटर. तुमच्या इमारतीचं छप्पर ३०० चौरस मीटर आहे आणि सरासरी पाऊस ८०० मिलिमीटर, म्हणजे ३०० गुणिले ८०० गुणिले ०.८, एकूण १,९२,००० लिटर. माणशी रोज ४ लिटर फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी धरले तर १२० माणसांना दिवसाला ४८० लिटर लागतात, वर्षाला १,७५,२००. जमलं, असं वाटतं ना? इथेच फसगत होते.

सरासरी पाऊस हा हिशेबातला पाऊस आहे, दर वर्षी पडणारा नाही. चारांतली तीन वर्षं ज्याच्या खाली पाऊस जात नाही, तो आकडा काढा. जुन्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की तो मिळतो. समजा तो ६०० मिलिमीटर निघाला. मग पाणी १,४४,००० लिटर, म्हणजे ३१,२०० लिटरची तूट. ४८० ने भागलं तर ६५ दिवस. याचा अर्थ असा की ज्या वर्षी पाण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी नवा पाऊस यायच्या दोन महिने आधी टाकी कोरडी. आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. आधीची तीन वर्षं गोड पाणी प्यायलं हे विसरून ‘ती योजना फेल गेली’ असं पुढची वीस वर्षं सांगतात. यावर उपाय टाकी मोठी करणं हा नव्हे, कारण टाकी पाणी निर्माण करत नाही. याच हिशेबाने ६५ चौरस मीटर छप्पर वाढवलं की तूट भरते. शेजारच्या इमारतीची एक बाजू जोडली तरी पुरे. ते जमत नसेल तर पावसाळ्यात विहिरीचं पाणी वापरा आणि टाकीला हात लावू नका. विहीर त्या दिवसांत भरलेली असते, मात्र तेव्हाच तिचं पाणी गढूळ आणि दूषित व्हायची भीती सर्वांत जास्त, म्हणून निवळून आणि क्लोरीन घालूनच प्यायला द्यायचं.

माणशी ४ लिटर ऐकून लोक नाराज होतात. त्यांना सरळ सांगा की हे पाणी पिण्याचं आणि शिजवण्याचं आहे. आंघोळ, कपडे यांना बोअरचं पाणी चालतं, कारण फ्लोराइड त्रास देतं ते पोटात गेल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, तुमचं त्याच्या दुप्पट. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायलं तर दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण बरंच जास्त असेल तर पुढे हाडं आणि सांधे ताठरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्याने थोडं दाटच होतं. साध्या गाळणीनेही जात नाही. पावसाच्या पाण्यात मात्र ते जवळपास नसतंच, कारण ते खडकातून येतं आणि या पाण्याने खडक पाहिलेलाच नसतो. जमिनीखालच्या आर्सेनिकचंही तसंच. तुमच्यासारख्या ठिकाणी पावसाच्या पाण्याची खरी किंमत इथे आहे, टंचाईत तर आहेच. आणि म्हणूनच ‘पाणी जमिनीत मुरवू, बोअर सुधारेल’ या सल्ल्यावर विसंबू नका. पुनर्भरण चांगलंच काम आहे, जरूर करा, पण मुरलेलं पाणी त्याच खडकातून फिरून येतं. पिण्याचं पाणी मिळवायचं तर ते जमिनीला लागायच्या आत धरायला हवं.

आता छप्पर आणि पन्हळ. अंदाजपत्रकात यावर एक ओळ असते आणि टाकीवर चार पानं. प्रत्यक्षात पाणी जातं ते पन्हळीतून. एका ठिकाणी मला बोलावलं होतं, तक्रार अशी की टाकी तीन वर्षांत कधी अर्ध्याच्या वर भरली नाही, पाऊस चांगला असूनही. टाकी फुटली असेल म्हणून गवंड्याने आतून दोनदा गिलावा केला होता. मी पाऊस येईपर्यंत थांबलो. जोराची सर आली तेव्हा दिसलं की पन्हळ मधोमध बोटभर खाली बसली आहे, दोन ब्रॅकेटमधलं अंतर जास्त ठेवल्यामुळे. त्या खोलगट जागी पाणी साचून कडेवरून सांडत होतं. खाली जमिनीत वीतभर खोल चर पडला होता, पागोळ्यांनी कोरलेला. तीन वर्षं तो चर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तीन ब्रॅकेट वाढवले आणि त्याच हंगामात टाकी भरून ओव्हरफ्लोमधून पाणी गेलं. मला अजून वाईट वाटतं ते त्या दोन गिलाव्यांच्या पैशांचं, कारण ते पैसे वस्तीने घराघरांतून गोळा केले होते.

पन्हळीचं साधं माप असं: छपराच्या दर चौरस मीटरला पन्हळीच्या छेदाचा एक चौरस सेंटिमीटर. तुमच्या छपराच्या एका बाजूला १५० चौरस मीटर येतात. २० सेंटिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ घेतली तर तिचा छेद सुमारे १५७ चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे चालेल. उतार मीटरला एक सेंटिमीटर, ब्रॅकेट मीटरभरापेक्षा लांब नकोत. पत्र्याचं टोक पन्हळीच्या आत आलं पाहिजे, पण इतकं नाही की जोराच्या पावसात पाणी पन्हळीवरून उडी मारून पलीकडे पडेल. छपरावर झाडाची फांदी येत असेल तर ती छाटा. पानांपेक्षाही त्या फांदीवर बसणारे पक्षी आणि तिच्यावरून ये-जा करणारे उंदीर-खारी जास्त घाण करतात.

छप्पर कशाचं आहे तेही पाहा. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा उत्तम, उन्हाने तापतो त्यामुळे जंतूही मरतात. भाजलेली कौलं आणि स्लॅब चालतात. गवताचं छप्पर पिण्यासाठी नको. जुना शिसेयुक्त रंग लावलेला पत्रा किंवा सांध्यांवर शिशाची पट्टी असेल तर तेही नको, आणि इथे तडजोड करू नका, कारण शिसं दिसत नाही, चवीला कळत नाही आणि ते लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. जवळ कारखान्याची धुराडी असतील किंवा शेतावरच्या फवारणीचे थेंब वाऱ्याने छपरावर येत असतील, तर आधी पाण्याची रासायनिक तपासणी करा, मगच पुढे जा. तपासणी वाईट आली तर त्या छपराचा नाद सोडा.

दुसऱ्या शंकेचं, म्हणजे किड्यांचं, अर्धं उत्तर पहिला पाऊस वळवण्यात आहे. कोरड्या दिवसांत छपरावर धूळ, विष्ठा, मेलेले किडे साचतात आणि पहिल्या मिलिमीटरभर पावसात ते धुऊन निघतं. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. ‘फर्स्ट फ्लश’ म्हणून बऱ्याच ठिकाणी मीटरभर लांबीचा उभा पाइप लावलेला दिसतो. त्याचं माप कुणी काढत नाही. सहा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम १८ लिटर मावतात. तुमच्या ३०० चौरस मीटर छपराचं एक मिलिमीटर म्हणजे ३०० लिटर, दोन बाजूंना दीडदीडशे. तेव्हा पाइप नको, प्रत्येक बाजूला दीडशे ते दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम लावा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळेल अशी जोडणी करा. ड्रमच्या तळाला एक बारीक भोक ठेवा, म्हणजे तो थेंबथेंब रिकामा होऊन पुढच्या पावसासाठी मोकळा राहतो. भोक बुजतं. आठवड्यातून एकदा तारेने साफ करावं लागतं. हे काम कोणाचं, ते नावानिशी ठरवा. त्याकडे पुढे येतोच.

टाकीबद्दल मी थोडक्यात सांगेन, कारण बांधकाम जाणणारी माणसं तुम्हाला मिळतील. फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर, हा प्रकार गोल टाकीसाठी किफायतशीर आणि मजबूत पडतो, मात्र पाणी मारण्यात हयगय झाली की चिरा जातात. दोन आठवडे तरी ती ओली राहिली पाहिजे. लोखंडाऐवजी बांबू घालण्याचा मोह होतो. थायलंडमध्ये तसं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं, बांबू आतून कुजला आणि टाक्या धोक्याच्या ठरल्या. नव्या सिमेंटच्या टाकीतलं पहिलं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात क्लोरीनही नीट काम करत नाही, म्हणून पहिल्या भरणीचं पाणी इतर वापराला काढा.

पण चार गोष्टी अशा आहेत की त्या गवंड्यावर सोडू नका, स्वतः उभं राहून करून घ्या. आत उजेड अजिबात जाता कामा नये, उजेड नसेल तर शेवाळ धरत नाही. हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या प्रत्येक तोंडाला एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी हवी, कारण डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डास होणं आठवडा-दहा दिवसांत उरकतं आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी फार आवडतं. पाणी टाकीत वरून धबाधबा पडू देऊ नका. नळी तळापर्यंत नेऊन तिचं तोंड वरच्या दिशेला वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळला जात नाही. आणि पाणी बाहेर काढायची तोटी तळापासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर ठेवा. खालचं ते पाणी गेलं तर गेलं.

पाचवी गोष्ट बांधकामाची नाही, पण सगळ्यांत महत्त्वाची आहे: बादली टाकीत उतरता कामा नये. मी पाहिलेल्या दूषित टाक्यांपैकी बहुतेकांना पावसाने नाही, दोरीच्या बादलीने दूषित केलं. तोटी बिघडते, दुरुस्तीला आठवडा लागतो, तेवढ्यात कुणीतरी झाकण उघडून बादली सोडतं. बादली जमिनीवर ठेवलेली, दोरी पायाखालून गेलेली. म्हणून एक जादा तोटी आणि वॉशर टाकीजवळच कुलपात ठेवा. ही दोन वस्तूंची किंमत आहे, आणि त्यावर अख्ख्या वर्षाचं पाणी अवलंबून आहे.

एवढं केलं की पाणी साठण्यानेच सुधारतं. गाळ खाली बसतो, पोटात जाणारे बरेचसे जंतू अंधारात आणि उपाशी राहून मरतात. तरीही १२० माणसं, त्यांत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं, एकाच टाकीवर अवलंबून असताना नुसत्या भरवशावर पाणी देऊ नये. प्रत्येक वेळी अख्खी टाकी क्लोरीनने भारण्यापेक्षा रोजच्या वापराला हजार लिटरची छोटी टाकी मध्ये ठेवा आणि तिच्यात क्लोरीन घाला. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा हजार लिटरला ६ ग्रॅम घातली की लिटरला २ मिलिग्रॅमची मात्रा होते. पावडर थोड्या पाण्यात कालवून, निवळी ओतून, अर्धा तास थांबायचं. मग तोटीवर तपासायचं: लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. वास फार येत असेल तर मात्रा कमी करा, काहीच उरत नसेल तर पाण्यात घाण आहे किंवा पावडर मेलेली आहे. दमट जागी ठेवलेली पावडर काही आठवड्यांत मरगळते. क्लोरीनची चव ज्यांना नकोच आहे, त्यांनी पाणी उकळून प्यावं. ढग नसतील तर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकची (पेट) बाटली सहा तास उन्हात आडवी ठेवल्यानेही पाणी पुरेसं निर्जंतुक होतं, पण पाणी नितळ हवं, आणि आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस ठेवावी लागते.

चवीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात लोक म्हणतील, पाणी सपक लागतं. खरं आहे. त्यात क्षार नाहीत. बोअरच्या जड पाण्याची सवय झालेल्या जिभेला ते रितं वाटतं. वाद घालू नका. साबणाला किती फेस येतो आणि भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो की नाही, हे पाणी भरणाऱ्या बायका स्वतःच दोन आठवड्यांत एकमेकींना सांगतात. क्षारांची गरज जेवणातून भागते. फक्त हे मऊ पाणी तांब्याच्या किंवा शिशाच्या नळातून नेऊ नका, ते धातू कुरतडतं.

आता दोन टाक्यांबद्दल, कारण माझा सगळा भर त्यावर आहे. एकच मोठी टाकी बांधू नका. साडेपाच मीटर व्यासाच्या आणि अडीच मीटर पाणी मावेल अशा दोन बांधा. प्रत्येकीत सुमारे ५९,००० लिटर मावतात. पाऊस संपला की पहिली वापरायला काढा, दुसरीला सगळ्यांसमोर कुलूप लावा. अशा टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास २४० लिटर, म्हणजे तुमच्या वस्तीला रोज बरोबर दोन सेंटिमीटर पाणी लागतं. पट्टी घ्या, तिच्यावर खुणा करा आणि टाकीच्या बाहेर पारदर्शक नळी लावा. दर आठवड्याला पातळी फळ्यावर लिहा: आज इतकी, असायला हवी इतकी. हा फळा तुमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त काम करतो. पातळी असायला हवी त्यापेक्षा चार सेंटिमीटर खाली दिसली की तोटी गळते की कुणी जास्त नेतं, याची चर्चा लोक आपणहून सुरू करतात. कुणाला दोष द्यावा लागत नाही, आकडा बोलतो.

सुमारे चार महिन्यांनी पहिली टाकी संपते. तोवर बहुतेक विहिरी खोल गेलेल्या असतात. त्या दिवशी दुसरीचं कुलूप काढायचं, सगळ्यांच्या देखत. टॉर्च आत मारून तळ दाखवा. एका बाटलीत पाणी भरून एचटूएस चाचणी लावा. त्या बाटलीतलं पाणी उबदार जागी एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा संशय, नाही पडलं तर बरं लक्षण. शेजारी विहिरीच्या पाण्याची दुसरी बाटली ठेवा. ही चाचणी काही अंतिम निकाल नाही, प्रयोगशाळेत १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, सापडता कामा नयेत ही खरी कसोटी, आणि ती वर्षातून दोनदा करून घ्याच. पण दोन बाटल्या, एक काळी आणि एक नितळ, दोन दिवस एकाच फळीवर उभ्या राहिल्या की जे घडतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. पाणी भरायला आलेली प्रत्येक बाई तिथे थांबते. एकदा एका आजींनी काळी बाटली उचलून उन्हाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवून नुसतं म्हणाल्या, ‘हे आम्ही लेकरांना पाजत होतो.’ त्या दिवसानंतर मला तिथे कुणाला काही पटवावं लागलं नाही. आणि बाटली उलट निघाली, म्हणजे तुमच्याच टाकीची काळी पडली, तर तेही लपवू नका. तोटी बंद करा, टाकी तपासा, क्लोरीन घाला, पुन्हा बाटली लावा. एकदा लपवलेलं कळलं की विश्वास परत येत नाही.

तिसरी शंका, कोण बघणार. श्रमदानावर देखभाल चालत नाही, हे मी ठामपणे सांगतो. बांधायला लोक हौसेने येतात, भोक साफ करायला दर आठवड्याला कुणी येत नाही. एक माणूस नेमा, शक्यतो पाणी भरणाऱ्यांपैकीच एक बाई, आणि तिला दर महिन्याला मोबदला द्या. रक्कम लहान असेल तरी चालेल, पण ती ठरलेल्या दिवशी मिळाली पाहिजे. पावसाआधी छप्पर झाडणं, पन्हळी उपसणं, ड्रमचं भोक, जाळ्या, क्लोरीन, फळा, किल्ली, ही तिची कामं. घरटी वर्गणी ठेवा आणि ती टाकी भरलेली असताना गोळा करा. रिकाम्या टाकीसाठी कुणी पैसे देत नाही. कमी पावसाच्या वर्षी माणशी किती लिटर द्यायचं, आणि आजारी माणूस किंवा बाळंतीण असलेल्या घराला किती जास्त, हे नियम भरल्या टाकीपाशी बसून ठरवा. टंचाई सुरू झाल्यावर ठरवायला गेलात तर ते भांडण होतं.

जिथे हे मोठ्या प्रमाणावर झालं, तिथे काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. चीनच्या गान्सू प्रांतात १९९५च्या दुष्काळानंतर ‘१२१’ नावाचा कार्यक्रम झाला: दर घराला एक पाणी धरणारी जागा, दोन टाक्या, आणि नगदी पिकाचा एक तुकडा. पिण्याच्या पाण्याला उत्पन्नाची जोड दिल्यामुळे लोकांनी टाक्या जपल्या. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात संस्थांच्या जाळ्याने दहा लाख टाक्यांचा संकल्प केला. प्रत्येक टाकी १६,००० लिटरची, पाच माणसांच्या कुटुंबाला कोरडे आठ महिने प्यायला आणि शिजवायला पुरेल अशी. तिथे स्थानिक माणसांना गवंडीकाम शिकवलं गेलं आणि घरच्यांनी खड्डे खणले, त्यामुळे टाकीला चीर गेली तर ती बुजवणारा हात शेजारीच होता. थायलंडमध्ये १९८०च्या दशकात एक-दोन हजार लिटरचे सिमेंटचे रांजण लाखोंनी घडवले गेले. सुरुवात सरकारी कार्यक्रमाने झाली, मग छोट्या कारागिरांनी धंदा म्हणून ते उचललं आणि रांजण स्वस्त झाले. बर्म्युडा बेटांवर नद्याच नाहीत, तिथे घराच्या छपरावरून पाणी धरणं आणि घराखाली टाकी असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पांढरी केलेली पायऱ्यापायऱ्यांची छपरं ही त्या बेटांची ओळख झाली आहे. पण कायद्याने काम झालं ते तिथे दुसरं पाणी नव्हतं म्हणून. जिथे बोअर जवळच आहे तिथे नुसत्या सक्तीने कागदावर टाक्या होतात.

तुमच्याकडे वेळ किती आहे हे तुम्ही लिहिलं नाही. पावसाला चार महिने असतील तर एका टाकीने सुरुवात करा, पण दुसरीची जागा आताच आखून ठेवा आणि पन्हळी मात्र दोन्ही बाजूंच्या एकदमच पूर्ण करा. पैसे कमी पडले तर टाकी लहान करा, पन्हळीत काटकसर नको. आणि टाकीला हात लावण्याआधी एक काम विनाखर्च होण्यासारखं आहे. पुढची कुठलीही सर आली की छत्री घेऊन त्या इमारतीभोवती एक फेरी मारा, सोबत तिथे पाणी भरणाऱ्या दोघीतिघींना घ्या. छपराचं पाणी कुठे गोळा होतं, कुठे सांडतं, कोणत्या कोपऱ्यात फांदी येते, तोटी कुठे असली तर हंडा उचलायला सोपी जाईल, हे त्या बोलत जातील. तुम्ही वही ओली होऊ न देता लिहून घ्या, आणि ते टिपण मला पाठवा. टाक्यांची जागा आपण त्यावरूनच ठरवू.